सोसायटीत देशी झाडांची बाग करतोय, फुलपाखरं आणि मधमाश्यांसाठी काय काय लावू?

टेकडीवाली_कोथरूड
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमच्या सोसायटीत बी विंगच्या मागे कंपाउंडला लागून साधारण ४० फूट बाय १० फुटांची पट्टी आहे, तिथे आधी सतत कापलेला ड्युरांटा आणि अरेका पाम होते, फुलपाखरू औषधालासुद्धा नाही. गेल्या वर्षी आम्ही पाच-सहा जणींनी कमिटीकडून ती जागा मागून घेतली, वर्गणी काढली आणि जूनमध्ये झेंडू, झिनिया, कॉसमॉस असं बरंच लावलं, कोपऱ्यात एक मोठा कढीपत्ता पण लावला. दिसायला छान झालं, पण फुलपाखरं यायची, दोन मिनिटं बसायची, की गेली.

मग नोव्हेंबरमध्ये कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या. सात मोजलेल्या आम्ही. बिल्डिंगमधली मुलं शाळेतून आली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून आधी तिकडे पळायची. आणि एका सकाळी बघतो तर सगळ्या खाली मरून पडलेल्या. कोणीतरी माळीकाकांना सांगितलं की झाडाला कीड लागलीय, त्यांनी पंप मारला. त्यांचा काही दोष नाही, आम्ही त्यांना काही बोललोच नव्हतो. माझी मुलगी त्या अळ्या वहीच्या कागदात गोळा करून घरी घेऊन आली, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आता पाऊस तोंडावर आलाय, नव्याने लावायचंय आणि या वेळी देशी झाडंच लावायची असं ठरवलंय. काय लावू? शिवाय दोन-तीन घरांचं म्हणणं आहे की मधमाश्या येतील, चावतील, मोहोळ बसेल. त्यांना काय सांगायचं?

रुईचं_पान (ठाणे)
ताई, वाचून वाईट वाटलं. पण एक सांगू का, तुमच्याकडे अंडी घातली गेली म्हणजे बाग बरोबर रस्त्याला लागली होती. झेंडू-झिनिया म्हणजे फुलपाखरांची चहाची टपरी, प्यायलं की निघाले. अळीला मात्र तिचंच ठरलेलं झाड लागतं, दुसऱ्या झाडाचं पान ती उपाशी मरेल पण खाणार नाही, त्यामुळे मादी अंडी घालायला तेच झाड शोधत फिरते. ते झाड जिथे आहे तिथे फुलपाखरं नुसती येत नाहीत, राहतात.

माझ्या अनुभवातलं सांगते. कढीपत्ता, लिंबू, बेल ठेवाच, त्यावर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन येतात. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते म्हणून कोणी लक्ष देत नाही, मोठी झाली की हिरवीगार होते आणि हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो, पण इजा काही करत नाही. ब्लू मॉरमॉन पण लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, असं फुलपाखरू जाहीर करणारं देशातलं पहिलं राज्य आपलंच, हे कमिटीच्या मीटिंगमध्ये नक्की सांगा, फरक पडतो.

रुई एक तरी हवीच. तिच्यावर वाढणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराची अळी काळी-पांढरी-पिवळी पट्ट्यापट्ट्यांची असते, आणि कोष पानाखाली लटकतो तो फिकट हिरवा किंवा गुलाबी, त्यावर सोन्याचे ठिपके असतात, खरंच सोन्याचे वाटतात. फक्त रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी मागच्या बाजूला लावा. पानफुटीवर रेड पिएरो, कुंडीत पण चालते. जागा असेल तर बहावा, त्यावर एमिग्रंट फुलपाखरं येतात. आणि पावसात टाकळा उगवला तर तण म्हणून उपटू नका, थोडा भाजीला घ्या, थोडा पिवळ्या ग्रास येलोंना ठेवा.

जमलं तर एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात या, निघायच्या आधी चालू आहे का ते विचारून घ्या. कुठल्या झाडावर कोण येतं ते तिथे डोळ्यांनी बघायला मिळतं.

सातेरी_वाई
मी मधमाश्यांचं सांगतो, घरात दोन पिढ्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत.

लोक घाबरतात ते आग्या मधमाशीला, आणि आग्याला घाबरायलाच पाहिजे, पण ती बागेतल्या झुडपावर बसत नाही. तिला उंच जागा लागते, पाण्याची टाकी, बाराव्या मजल्याचा सज्जा, मोठं झाड. आणि ती खाण्यासाठी दोन-तीन किलोमीटर सहज जाते, म्हणजे तुमची बाग असली नसली तरी तुमच्या भागात ती आहेच. पोळं बसलं तर दगड नाही, धूर नाही, काही महिन्यांनी ती आपणहून उठून जाते. रात्री पोळी जाळतात ते बघवत नाही, बिचारी खाली पेटून पडतात.

फुलावर मध गोळा करणारी माशी कोणावर धावून जात नाही, ती कामात असते. पायाखाली आली किंवा मुठीत धरली तरच डंख मारते. पोयाच्या माशीला तर डंखच नाही, भिंतीच्या भोकात राहते, मुलांना दाखवायला एकदम बेस्ट.

झाडं म्हणाल तर तुळस (मंजिऱ्या खुडू नका, फुलू द्या), अडुळसा, निर्गुडी, शेवगा. शेवगा लावलात तर शेंगा पण मिळतील म्हणजे विरोधक गप्प. आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही, पट्टीतला कोपरा मोकळ्या मातीचा ठेवा, फरशी नाही, पालापाचोळा नाही. निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी असते, ती मातीत बीळ करून राहते. ती फुलाला धरून अंग थरथरवते त्याने पराग झडतात, वांगं-टोमॅटोच्या फुलाला तसाच झटका लागतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला बघा, तिचे नर वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरून ओळीने झोपलेले असतात. मुलांना ते एकदा दाखवा, परत कोणी मधमाशीला भिणार नाही.

पुण्यातच आहात तर शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे प्रशिक्षण देतात. आणि आमच्याकडे फिरायला आलात तर महाबळेश्वरजवळचं मांघर बघा, २०२२ पासून ते मधाचं गाव आहे.

प्रश्नच_प्रश्न
मध्येच विचारतो, देशीचाच हट्ट का? आमच्या टेकडीवर घाणेरीवर इतकी फुलपाखरं असतात की बास. मग घाणेरीच का नको?

रुईचं_पान (ठाणे)
@प्रश्नच_प्रश्न, प्रश्न बरोबर आहे. मध पितात, खरंय. पण तिच्यावर आपल्या फुलपाखरांच्या अळ्या फारशा वाढत नाहीत, आणि घाणेरी पसरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही, म्हणजे कोरांटी, टाकळा, खुळखुळा सगळं जातं. आज फुलपाखरं दिसतात ती आजूबाजूला अजून थोडी देशी झाडं उरलीत म्हणून. बाहेरचं सगळंच उपटा असं मी म्हणत नाही, झेंडू दसऱ्याला लागतोच की, ताईंनी ठेवावा. आणि एक्झोरा तर आपल्याच सह्याद्रीतला, मॉरमॉन त्यावर तुटून पडतात.

आबा_डोंबिवली
कमिटीचं मी सांगतो, सहा वर्षं सेक्रेटरी होतो. झाडांआधी माणसं लावा. माळीदादांना आधी बरोबर घ्या, अळी कुठली, कोष कुठला ते दाखवा. पट्टीला एक पाटी लावा, "इथे फवारणी करू नये, अळ्या आहेत, फुलपाखरं होणार आहेत". पाटी लावली तेव्हापासून आमच्याकडे पंप आला नाही. डासांचा धूर मारायला येतात त्यांनाही ही पट्टी सोडायला आधीच सांगून ठेवा. नीमतेल चालेल असं कोणी म्हणेल, नका मारू, त्यानेही अळ्या मरतात. नर्सरीतून आणलेलं रोप आधीच औषध मारलेलं असतं पुष्कळदा, विचारून घ्या. वनविभागाच्या रोपवाटिकेत देशी रोपं स्वस्तात मिळतात. टेकडीवरून रोपं उपटून आणू नका, बी आणा.

आणि पानं खाल्लेली दिसणारच, हे सगळ्यांना आधीच सांगायचं. खाल्लेलं पान म्हणजे बाग चालू आहे.

टेकडीवाली_कोथरूड
सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रिंट काढून कमिटीला देणार आहे. आज संध्याकाळी माळीकाकांना घेऊन पट्टीवर गेले, सगळं सांगितलं, मोबाईलवर अळीपासून फुलपाखरापर्यंतचे फोटो दाखवले. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, ताई मला कोणी बोललं असतं तर मी पंप हातात घेतला नसता. मग स्वतःच कढीपत्त्याची नवी पालवी उलटून बघत होते, आणि एका कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, पिवळसर, मोत्यासारखं गोल अंडं सापडलं, त्यांनाच आधी दिसलं!

पुढच्या आठवड्यात ते गावी चाललेत, म्हणाले आमच्या बांधावर निर्गुडी आहे, फांद्या आणतो, पावसात खोचल्या की लागतात.