मदत हवी आहे: सासूबाईंचं चालणं मंदावतंय, घरी नक्की काय मोजावं?

सासूबाई, वय ७४, मधुमेह, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू. पडलेल्या नाहीत, दुखत नाही म्हणतात. पण दोन-तीन महिन्यांत खुर्चीतून उठताना हातांवर जोर यायला लागलाय, जिन्यात प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकतात आणि पूजेला पाटाऐवजी स्टूल घेतलंय. 'वय झालं' म्हणून सोडून द्यायचं नाही. डॉक्टरांकडे जाताना हातात आकडे हवेत.

प्रतिसाद १
हातांवर जोर येतोय म्हणजे मांड्यांची ताकद आधी तपासा. बिनहातांची, सुमारे १७ इंच उंच बैठकीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची फरशीवर सरकते आणि दिवाणात माणूस रुततो, दोन्ही नकोत. हात छातीवर आडवे, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. या वयाच्या स्त्रीला १० पेक्षा कमी म्हणजे सरासरीच्या खाली. हात टेकवावाच लागला तर आकडा शून्य धरायचा, दया दाखवून वाढवू नका. तुम्ही शेजारी उभं राहा.

मग चाल. फरशीवर ४ मीटरच्या दोन खुणा करा, पण अलीकडे-पलीकडे एकेक मीटर मोकळा ठेवा, नाहीतर खूण दिसली की माणूस आधीच थबकतो. 'नेहमीसारखं चाला' एवढंच सांगा. ४ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला १ मीटरच्या खाली. आशियाई निकषांत ही मंद चाल. ५ सेकंदांच्या वर गेलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवायला उशीर नको.

प्रतिसाद २
मधुमेह आहे म्हणून दोन गोष्टी मुद्दाम बघा. चालताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही, असं होतं का? बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, दुसरा हात चटकन काठ धरतो का? दोन्ही खुणा तळपायाची संवेदना कमी झाल्याच्या असू शकतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ उतरू शकतं, ते तपासायला सांगा.

रक्तदाबही मोजा: ५ मिनिटं आडवं पडल्यावर, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा, गोळ्या मनाने बंद करू नका.

धागाकर्ती
दोघांचे आभार. चप्पल निसटते, पण वाटलं सैल असेल. दर आठवड्याला मोजू का?

प्रतिसाद १
महिन्यातून एकदा पुरे. तीच खुर्ची, तीच चप्पल, तीच वेळ. पहिल्या खेपेला सराव नसतो, म्हणून दुसऱ्या दिवशीचा आकडा पाया धरा. चालताना एकच हात हलत नसेल तर तेही लिहून ठेवा, न्यूरोलॉजिस्टला उपयोगी पडतं.

प्रतिसाद २
या बाबतीत मात्र महिना थांबू नका: एका बाजूची ताकद अचानक गेली, काही दिवसांतच चाल बिघडली, चालीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला, किंवा डोक्याला मार लागल्यावर काही आठवड्यांनी डोकेदुखी-गुंगी सुरू झाली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटच्या बाबतीत त्याच दिवशी दवाखाना गाठा. एका बाजूची ताकद गेली तर लगेच निघा, आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते घड्याळात बघून ठेवा.