मदत हवी आहे: हिमालयनसाठी नवे टायर कोणते घ्यावेत?

नमस्कार. मी इंदूरचा रहिवासी असून माझ्याकडे ४११ सीसीची रॉयल एनफिल्ड हिमालयन आहे. पुढचा टायर ९०/९०-२१, मागचा १२०/९०-१७ मापाचा असून दोन्ही चाके आऱ्यांची, ट्यूबची आहेत. आग्रा-मुंबई महामार्गावरून सेंधवा, धुळे, नाशिक असा पुण्यापर्यंतचा प्रवास, तोही पत्नी आणि भरलेल्या पेट्यांसह, वर्षातून तीन-चार वेळा होत असल्यामुळे मागचा टायर मधोमध घासून इतका सपाट झाला आहे की बिजासन घाटातील वळणांवर गाडी झुकवताना ती अडखळल्यासारखी वाटते. पुढच्या टायरची नक्षी अजून शिल्लक आहे. मात्र त्यावरील १४१९ हा आकडा, म्हणजे निर्मितीचा २०१९ चा चौदावा आठवडा, पाहता तोही बदलावा असे मला वाटते.

कच्चा रस्ता माझ्या वाट्याला क्वचितच येतो, फार तर पावसाळ्यात इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला. अशा वापरासाठी मोठ्या गठ्ठ्यांच्या नक्षीचे, कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरील दुहेरी उपयोगाचे टायर सोडून डांबरी रस्त्याचे घ्यावेत काय, आणि २१ इंची चाकासाठी तसा पर्याय कोणी वापरला आहे काय? ओल्या रस्त्यावरील पकड मला टिकाऊपणापेक्षा महत्त्वाची वाटते. मागे दोघांच्या वजनाला हवा किती ठेवता, तेही कृपया कळवावे.