तारांकित प्रश्नाला उत्तर आलं, गावात पाणी मात्र नाही. पुढे काय करता येईल?

माणदेशी:

गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मी सदस्य आहे. सातारा, सांगली आणि सोलापूर जिथे एकमेकांना लागतात, त्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ठेकेदार, शाखा अभियंता आणि आम्ही उद्या पुन्हा समोरासमोर येणार.

जलजीवन मिशनमधून गावाची योजना झाली. टाकी उभी राहिली, गल्ल्या उकरून पाइप पुरले, दारोदार तोट्या बसल्या. आम्ही घरोघर फिरून लोकवर्गणी जमवली. शेळी विकून वर्गणी भरणारी म्हातारीही त्यात आहे. संक्रांतीपर्यंत पाणी येतं. शिमगा झाला की उद्भव विहीर, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर, आटते आणि मग मोठा पाऊस पडेपर्यंत टँकर. टँकरच्या लॉगबुकावर खेपेखेपेला सही आम्ही बायकाच करतो. सरकारी नोंदीत मात्र गाव शंभर टक्के नळजोडणीचं आहे.

मागच्या अधिवेशनात शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांनी आमच्या तालुक्याबद्दल तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, टाकला. छापील उत्तर मला व्हॉट्सॲपवर मिळालं. पहिल्या भागाला ‘हे अंशतः खरे आहे’. पुढे लिहिलंय की कामे पूर्ण झाली आहेत, भूजल पातळी खालावल्याने काही ठिकाणी उद्भवाला पाणी कमी पडते, पर्यायी उद्भवाबाबत तपासणी करून कार्यवाही करण्यात येईल. जबाबदारी कोणावर निश्चित केली, या शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’.

‘कार्यवाही करण्यात येईल’ असं मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं तर ते कोणी पुढे बघतं का, की अधिवेशनाबरोबर तेही संपतं? योजनेवर किती पैसे गेले ते आम्ही कुठे बघायचं? आणि आमदार म्हणतात, पुढच्या वेळी तुम्हीच मुद्दे लिहून द्या. तर काय लिहून देऊ? शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून गेले, त्यामुळे अभ्यास करून बोलणारा आमदार कसा असतो हे आमच्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण मुद्दे कसे काढायचे हे सांगणारं कोणी भेटत नाही.

जतकर:

ताई, आमच्याकडे याहून वेगळं नाही. एक सांगतो. आपण आमदारांना जे निवेदन देतो तेच बऱ्याचदा प्रश्न होऊन जातं. ‘ग्रामस्थांमध्ये तीव्र असंतोष आहे’ हे वाक्य आपण आवर्जून घालतो, आणि खात्याला नेमकं तेच नाकारायला सोपं जातं. असंतोष मोजता येत नाही. पाणी मोजता येतं. योजना माणशी रोज ५५ लिटर धरून केलेली असते. मार्चनंतर तुमच्याकडे किती मिळतं, तो आकडा काढा.

निवृत्त_कार्यासन:

ताई, मंत्रालयात एका विभागाच्या कार्यासनात, म्हणजे फाइली हाताळणाऱ्या शाखेत, माझी नोकरी झाली. अधिवेशनाच्या काळात विधिमंडळाचे प्रश्न हेच आमचं काम असायचं. जरा लांब लिहितो.

आधी उत्तर कसं तयार होतं ते समजून घ्या. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागात येतो, विभागातून त्या त्या कार्यासनाकडे. तिथल्या माणसाने तुमचं गाव पाहिलेलं नसतं. तो प्रश्न खाली पाठवतो: जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, मग ग्रामीण पाणीपुरवठ्याचे कार्यकारी अभियंता, मग उपअभियंता, आणि शेवटी शाखा अभियंता. म्हणजे ज्याने काम करून घेतलं, मोजमाप लिहिलं आणि देयकावर सही केली, तोच सांगतो काम ठीक झालं की नाही. त्याचा मजकूर एकेक पायरी वर चढत, थोडा थोडा गुळगुळीत होत मंत्र्यांपर्यंत पोचतो. मंत्री सभागृहात वाचतात ते बहुतेक वेळा हेच असतं. प्रत्येक वेळी कोणी खोटं लिहितं असं मी म्हणणार नाही. पण जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं हा शिरस्ता पक्का आहे, आणि ‘हे खरे आहे काय’ असा एकच मोघम प्रश्न असला तर ‘अंशतः’ हा शब्द लिहून मोकळं होता येतं.

म्हणून प्रश्नात अशी माहिती मागायची की ती एका टेबलावर तयारच होऊ नये. तुमच्या पोस्टमधली माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ लॉगबुकाची आहे. नळयोजना पाणीपुरवठा विभागाकडे असते. टंचाईतला टँकर मंजूर होतो महसूल यंत्रणेकडून, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी या बाजूने. एका खात्याच्या कागदावर तुमच्या गावात घरोघरी नळ आहे, आणि त्याच गावाला त्याच महिन्यात दुसऱ्या खात्याच्या पैशाने टँकर चालू आहे. हे दोन कागद आजपर्यंत शेजारी शेजारी ठेवले गेले नसतील. आमदारांना ते एकाच प्रश्नात ठेवायला सांगा. मी असा मसुदा करीन:

‘तालुक्यातील जलजीवन मिशनची कामे पूर्ण म्हणून नोंदविलेल्या कोणत्या गावांना मागील दोन उन्हाळ्यांत टँकरने पाणी द्यावे लागले, त्या प्रत्येक गावाच्या योजनेची मंजूर किंमत व आजपर्यंत अदा केलेली रक्कम किती, त्याच गावांत टँकरवर झालेला खर्च किती, योजना मंजूर करताना उद्भवाची उन्हाळ्यातील क्षमता कोणत्या तारखेस तपासली, व तो अहवाल कोणाचा आहे.’

यातला क्षमता चाचणीचा भाग काही केल्या गाळू नका. दुष्काळी तालुक्यातल्या विहिरीची चाचणी पावसाळा सरताना घेतली तर ती कुठेही पास होते. चाचणी कोणत्या महिन्यात झाली, एवढं छापून आलं तरी भूजल पातळी खालावली या कारणाचं खरं वजन कळेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा दाखला फाइलला लावलेला असतो.

आता आश्वासनाचं. ‘तपासणी करून कार्यवाही करण्यात येईल’ हे मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं आश्वासन धरलं जातं. विधिमंडळाची आश्वासन समिती असते, तिच्या यादीत ते गेलं की विभागाला पूर्तता कळवावी लागते. यादीत जायचं राहून गेलं असेल तर सदस्य लेखी कळवून ते घ्यायला लावू शकतात. आमदारांकडून समितीला साधं एक पत्र जाऊ द्या, त्यात प्रश्न क्रमांक आणि उत्तराची तारीख हवी. या पत्राची मागणी करणारे मतदार मी फार कमी पाहिले. समितीने खुलासा मागितला की कार्यासनात फाइल पुन्हा उघडते, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

पैशाचा हिशेब तुम्हाला आमदारांशिवायही मिळेल. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात नकला मागता येतातच, पण प्रत्यक्ष काम आणि कागद तपासण्याचा, साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, प्रत्येक चालू देयक आणि त्रयस्थ तपासणीचा अहवाल मागा. दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदारानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, कधी संपतो तेही विचारा. तो संपायच्या आत तक्रार लेखी गेली पाहिजे.

माणदेशी:

काका, हे वाचून समितीतल्या दोघींना लगेच बोलावून घेतलं. एक अडचण आहे. आमदारांचे स्वीय सहायक म्हणाले, तारांकित टाकला तरी तो पुकारला जाईलच असं नाही, गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जातो. मग काय उपयोग?

निवृत्त_कार्यासन:

तोंडी पुकारला गेला नाही तरी छापील उत्तर येतं. तुम्हाला व्हॉट्सॲपवर आलेला कागद तोच. पुकारला गेला तर उपप्रश्न विचारता येतात, तो खरा फायदा, कारण उपप्रश्नाला उत्तर देताना मंत्री कागदापलीकडचं काही बोलून जातात आणि ते कामकाजाच्या नोंदीत राहतं. नुसते आकडे हवे असतील तर अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा, प्रश्न पुरेसा. आलेल्या उत्तराने समाधान झालं नाही तर त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. उन्हाळा तोंडावर असेल तर लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना.

आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन धरून प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, येतात. टंचाईचे पैसे बऱ्याचदा त्यातून जातात. त्या चर्चेत पाच मिनिटं मिळाली तरी आमदार म्हणू शकतात की टँकरसाठी पैसे मागताय, तर याच गावांच्या नळयोजनेवर खर्च झालेल्या रकमेचा हिशेब आधी द्या. सदस्याने मागितलेला हिशेब अशा वेळी टाळणं कठीण जातं, कारण सरकार त्यांच्याकडे पैसे मागायला आलेलं असतं.

जुनी_कात्रणे:

आमदार सत्ताधारी बाजूचे असतील तर ‘आपल्याच मंत्र्याला कसं विचारू’ असं म्हणतात, म्हणून एक आठवण देतो. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. विमाधारकांचा तो पैसा. डिसेंबरमध्ये लोकसभेत ते प्रकरण धसास लावलं फिरोज गांधींनी. ते काँग्रेसचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई. कागदपत्रं गोळा करून, तारखा आणि शेअरचे भाव हाताशी ठेवून ते उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे चौकशी गेली, ती मुंबईत उघडपणे चालली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्या भाषणाचं बळ आकड्यांत होतं. तुमच्या आमदारांना आकडे द्या, ते कोणत्या बाकावर बसतात याने फार अडत नाही.

लेखा_तपासनीस:

निवृत्त काकांनी सांगितलेल्यात एक भर. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापालांची राज्यात दोन कार्यालये आहेत, मुंबई आणि नागपूर. ते योजनांची नमुना तपासणी करतात, अहवाल विधिमंडळात मांडला जातो आणि आमदारांची लोकलेखा समिती त्यावर सचिवांना बोलावून साक्ष घेते. तुमचं एकटं गाव त्यात येईलच असं नाही. पण नळयोजना पूर्ण आणि टँकरही चालू, अशी पंधरा-वीस गावांची यादी आमदारांच्या पत्रासह महालेखापालांना गेली तर लेखापरीक्षणात ती दुर्लक्षित होणं अवघड आहे. जलजीवनमध्ये महाराष्ट्राला केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे पैसे देतात, त्यामुळे हाच प्रश्न खासदारांमार्फत लोकसभेतही विचारता येतो. २०२४ ची मुदत हुकल्यावर फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशन २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. म्हणजे पर्यायी उद्भवाची मागणी रेटायला अजून वेळ आहे.

माणदेशी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज ग्रामपंचायतीत बसून दोन्ही उन्हाळ्यांच्या लॉगबुकांचे फोटो काढले. खेपा, तारखा आणि आमच्या सह्या, सगळं स्पष्ट दिसतंय. शेजारच्या चार गावांतल्या समित्यांच्या बायकांना फोन केले, त्यांच्याकडेही नळ आणि टँकर दोन्ही आहेत. त्या आपापली लॉगबुकं काढतायत. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून झाला. आश्वासन समितीच्या पत्राचा कच्चा मसुदा आमदारांच्या कार्यालयात उद्या देते.

काका, शेवटचं विचारते. मसुद्यात उद्भव विहिरीचा गट क्रमांक घालू का? विहीर ओढ्यापासून लांब, माळावर खणली आहे. गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याने तिथे विहीर घेतली नसती. जागा कोणी ठरवली ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

निवृत्त_कार्यासन:

नक्की घाला. गट क्रमांक घातला की उत्तर ‘तालुक्यातील काही ठिकाणी’ असं मोघम देता येत नाही. त्यापुढे एवढंच जोडा: ‘सदर जागा निश्चित करणाऱ्या अधिकाऱ्याचा स्थळ पाहणी अहवाल सभागृहासमोर ठेवण्यात येईल काय.’ अर्जातही तोच अहवाल मागा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, आणि प्रश्नाच्या सूचनेची शेवटची तारीख स्वीय सहायकांकडून आजच विचारून घ्या, ती अधिवेशनाच्या बरीच आधी असते.