क्लोरीन भरपूर, तरीही पाणी हिरवट

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): नमस्कार. आमचा घरगुती जलतरण तलाव ४०,००० लिटरचा आहे. पारा पंचेचाळिशीकडे सरकल्यापासून, टीसीसीएच्या (हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या नियमित टाकूनही पाणी हिरवट दिसते, डोळे चुरचुरतात आणि चाचणीत मात्र गडद पिवळा रंग येतो. शॉक ट्रीटमेंट (क्लोरीनची एकदम मोठी मात्रा) द्यावी का?

उत्तर १: पिवळा रंग देणारी चाचणी एकूण क्लोरीन दाखवते; त्यातील मुक्त, म्हणजे जंतू मारायला मोकळे असलेले, क्लोरीन किती, हे डीपीडी (गुलाबी रंग देणाऱ्या) चाचणीने पाहावे. घाम आणि लघवी (पोरे पाण्यात काय करतात, हे आपण जाणतोच) यांतील नायट्रोजनयुक्त घटकांशी संयोग पावलेले क्लोरीन जंतुनाशक म्हणून दुबळे असते, आणि डोळे झोंबतात ते बहुधा त्यामुळेच. असे क्लोरीन १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) आढळल्यास मुक्त क्लोरीन १० पीपीएमपर्यंत न्यावे. मुक्त क्लोरीन शून्यापासून धरल्यास आपल्याला ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइट (शॉकसाठीचे क्लोरीनयुक्त रसायन) सुमारे ६१५ ग्रॅम लागेल. पीएच आधी ७.२ ते ७.४ वर आणावा, मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी आणि पंप रात्रभर चालू ठेवावा.

उत्तर २: गोळ्यांमुळे पाण्यात सायन्युरिक आम्ल (उन्हात क्लोरीन टिकवणारा, पण जास्त झाल्यास त्याचा जोर कमी करणारा घटक) साचत जाते, तेही मोजा. ते १०० पीपीएमच्या पुढे गेले असेल तर शॉकचा प्रभाव पडत नाही. काही पाणी बदलणे, हाच व्यवहार्य उपाय. गोळ्यांच्या फ्लोटरमध्ये (तरंगत्या डब्यात) हायपोक्लोराइट चुकूनही टाकू नका, स्फोट होऊ शकतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मुलांना पाण्यात केव्हा सोडावे?

उत्तर १: मुक्त क्लोरीन ३ पीपीएमच्या आसपास उतरल्यावर आणि तळ स्पष्ट दिसू लागल्यावर.