बर्फातलं कॉटेज, स्कीइंग आणि जुन्या वास्तू : तुमचे अनुभव सांगा

मीनल_पार्ले
काल माळ्यावरची लोकरीच्या कपड्यांची बॅग काढली आणि तिच्यातून कुल्लूची टोपी निघाली. पट्टीचे रंग अजून तस्से. नवऱ्याला दाखवली तर तो एवढंच म्हणाला, "नग्गर!" (हिमाचलमधलं, मनालीजवळचं गाव.) मग रात्री उशिरापर्यंत आमची नग्गरचीच बडबड चालली होती. म्हणून हा धागा.

लेक शाळेत होती तेव्हा फेब्रुवारीत गेलो होतो. मनालीत हॉटेल न घेता नग्गरला वरच्या अंगाला सफरचंदाच्या बागेतलं दोन खोल्यांचं कॉटेज घेतलं, स्वयंपाकघरासकट. मनाली तिथून वीसेक किलोमीटर, सोलंग त्याच्याही पुढे. स्कीइंगला जायचं म्हणजे गाडीत बराच वेळ जायचा. सासरचे म्हणत होते, कशाला एवढं लांब राहताय? पण एक दिवस बर्फात आपटायचं आणि दुसऱ्या दिवशी दुखरे पाय घेऊन गावातच रमतगमत फिरायचं, हे नग्गरमुळेच जमलं.

तिथला राजवाडा साधारण १४६० चा, राजा सिधसिंगाने बांधलेला. दगडाचा थर, त्यावर देवदाराच्या तुळया, परत दगड. चुना नाही, सिमेंट नाही. याला काठकुणी म्हणतात. कोपऱ्यावर जाऊन नीट बघा, दोन भिंतींच्या तुळया एकीवर एक अशा आळीपाळीने येतात आणि एकमेकींना धरून ठेवतात. १९०५ च्या कांगड्याच्या भूकंपात कितीतरी इमारती पडल्या, हा वाडा टिकला. अंगणात जगतीपट नावाची शिळा आहे. देवांनी मधमाश्या होऊन ती इथे उडवत आणली असं गावात सांगतात. माझी लेक त्या शिळेपाशी मधमाश्या मोजत बसली होती. शिवाय निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराचं घर इथेच आहे. ते १९४७ मध्ये इथेच वारले. त्यांच्या चित्रांतले डोंगर बघायचे आणि बाहेर येऊन खरे डोंगर बघायचे, असं आम्ही दोन-तीनदा केलं.

माझं ठाम मत : बर्फ आणि जुन्या वास्तू दोन्हीकडे सकाळी निघून अंधाराच्या आत परतता येईल असं एकच ठिकाण धरा आणि तिथेच मुक्काम टाका. रोज बॅगा भरायच्या आणि सोडायच्या, यात सुट्टी संपते. आणि मध्ये एक दिवस रिकामा ठेवा. बर्फ पडायला लागला की तुमच्या वेळापत्रकाला कोण विचारतो.

यंदा सासूबाईंना घेऊन परत जायचा विचार चाललाय. तुम्ही कुठे राहिलात, काय पाहिलंत, काय उपयोगी पडलं, सगळं लिहा.

मंदार_डोंबिवली
गुलमर्ग. दुसरं नाव नाही. लोकलमध्ये उभ्याने टाइप करतोय, ठाण्यानंतर सविस्तर लिहितो.

शुभांगी_ठाणे
मंदार, ठाण्यानंतर तुला जागा मिळेल या आशेवर आम्ही सगळे 😀
मीनल, रोरिकच्या घराबद्दल अगदी अगदी. ते मधमाश्यांचं मात्र माहीत नव्हतं, मस्तच.

गडवेडा_परळ
काठकुणीवर थोडं लिहितो, माझा आवडता विषय आहे. चुन्याशिवाय बांधकाम आपल्याकडेही आहे. अंबरनाथचं शिवमंदिर इ.स. १०६० चं, दगडात दगड बसवलेले. पण तिथे सगळा भार दगडावर. काठकुणीत लाकूड मध्ये येतं म्हणून भूकंपात भिंत थोडी हलते आणि परत जागेवर बसते. जुन्या घरांत खाली गुरं, वर माणसं. गुरांची ऊब वर चढते. थंडीचा विचार घर बांधतानाच केलेला असतो. तुम्ही 'कॉटेज' म्हणून बुक करता त्यातली बरीचशी काँक्रीटची असतात, वरून लाकडाच्या फळ्या मारलेली. ती रात्री भयंकर गार पडतात. फोटोत बाहेरची भिंत जवळून मागवा.

मनालीतलं हिडिंबा मंदिर (१५५३) बर्फ असताना बघा. छपराचे तीन चौकोनी टप्पे लाकडी फळ्यांचे आणि वरचा पितळी, शंकूसारखा. दारावरची लाकडातली नक्षी बघायला वेळ ठेवा, लोक फोटो काढून पाच मिनिटांत निघतात याचं वाईट वाटतं.

अनघा७
घाईत लिहितेय, कुकर लावलाय.
कॉटेजमध्ये तंदूर आहे का ते आधी विचारा. तंदूर म्हणजे रोटीचा नव्हे, पत्र्याची शेगडी, लाकडं घालायची आणि धूर नळकांड्यातून बाहेर. काश्मिरात त्यालाच बुखारी म्हणतात. लाकडाचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे, ते आधीच ठरवून घ्या. आणि प्लीज प्लीज, कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर बंद खोलीत ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. खिडकी बोटभर उघडी ठेवायचीच, कितीही थंडी असो. नळकांडं असलं तरी ते तुंबलेलं नाही ना, हे पेटवताना मालकाला बघायला लावा.
चौथी शिट्टी झाली, पळते.

प्रणव_मुलुंड
अनघाताईंना +१००. आमच्या शेजारच्या कॉटेजमधल्या कुटुंबाला रात्री डोकं दुखून मळमळायला लागलं होतं. काकू जाग्या होत्या म्हणून दार उघडलं. सगळे वाचले. थंडीत दार उघडायला कोणी उठत नाही, तेच महागात पडतं.

शुभांगी_ठाणे
बापरे. प्रणव, वाचूनच अंगावर काटा आला. बरे आहेत ना आता ते सगळे?

प्रणव_मुलुंड
हो हो, दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याबरोबर राजमा-चावल जेवले.

मंदार_डोंबिवली
हां, बसायला मिळालं.
गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गपर्यंत साधी गाडी, पुढचे १३ किमी चढ. बर्फ असला की चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांची ताकद असलेली गाडी घ्यावी लागते. हे पैसे बजेटमध्ये धरा. गाव साधारण २६५० मीटरवर. गोंडोला (तारेवरचा पाळणा) दोन टप्प्यांत, कोंगदूरी आणि मग अफरवाट, जवळजवळ ३९५० मीटर. वर वारा सुटला की दुसरा टप्पा बंद. त्यामुळे तिकीट काढलंय म्हणजे जाणारच असं घरी कोणाला सांगू नका, मुलं रडतात.

शिकणाऱ्यांनी अफरवाटच्या नादी लागू नये. खालचं मैदान सोन्यासारखं आहे. पहिला दिवस फक्त थांबायला शिकण्यात घालवा. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, गुडघे वाकलेले, वजन पुढे. बूट नडगीवर घट्ट दाबतात, ते तसेच असायला हवेत. सैल घेतले तर पाय आत फिरतो आणि घोटा जातो. तिथे भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचे निवासी कोर्सही असतात, ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी तेच करावं. माझा शिक्षक टंगमर्गचा होता. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेलेला आपला एकमेव खेळाडू आरिफ खानही त्याच भागातला. शिक्षक त्याचं नाव घेताना असा फुलून यायचा की मलाच अभिमान वाटला.

जुन्या वास्तू : गावात १९०२ चं सेंट मेरी चर्च. टेकडीवरचं महाराणी मंदिर १९१५ चं, २०२४ मध्ये त्याला आग लागली, फार हळहळलो. पण खरी गोष्ट वाटेत आहे, परिहासपूर! काश्मीरचा राजा ललितादित्य याची आठव्या शतकातली राजधानी. श्रीनगरहून गुलमर्गला जाताना थोडी वाट वाकडी करायची. गाड्या थांबत नाहीत, ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. आता तिथे प्रचंड दगडांचे चौथरे उरलेत, आणि हिवाळ्यात त्या दगडांच्या खाचांत बर्फ साठलेला असतो. मला तिथून हलवेना.

रोहिणी_गिरगाव
मंदार, परिहासपूर वाचून उठून बसले. आमच्या ड्रायव्हरने गाडी थांबवलीच नाही.
काश्मीरला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं. घरात एकाचं तरी करून घ्या.

नेहा_बोरिवली
वाचतेय. जॅकेट विकत घ्यावं की भाड्याने? मुलगा १० वर्षांचा, पुढच्या वर्षी बसणार नाही.

अनघा७
नेहा, मुलाचं वरचं जॅकेट आणि गमबूट तिथे भाड्याने. सोलंगच्या रस्त्यावर दुकानांची रांगच्या रांग आहे. आतले थर्मल आणि मोजे मात्र स्वतःचे. सुती मोजे अजिबात नको, घाम आणि बर्फ दोन्हीने ओले होतात आणि बोटं गारठतात. हातमोज्यांच्या दोन जोड्या. गॉगल सगळ्यांना, बर्फावरून ऊन परत डोळ्यात येतं. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही लावायचं.

प्रणव_मुलुंड
नेहा, आमच्या मुलाचं जॅकेट पडून आहे, एकदाच वापरलेलं. मुलुंडहून कोणी बोरिवलीला जाणार असेल तर पाठवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नेहा_बोरिवली
किती छान! करते व्यनि. भांडुपला मावशी असते, ती घेऊन जाईल.

काका_शिवाजीपार्क
सर्वांना नमस्कार. शिमल्याचा अनुभव देतो. वय झालेल्यांनी स्कीइंगऐवजी आइस स्केटिंग बघावं, करावंच असं नाही. लक्कड बाजाराजवळची रिंक १९२० पासूनची. बर्फ यंत्राने बनवत नाहीत. मैदानावर पाणी शिंपडतात आणि रात्री ते आपोआप गोठतं. आकाश निरभ्र हवं. ढग आले की ऊब धरून राहते आणि बर्फ धरत नाही. म्हणून सकाळी ऊन यायच्या आत खेळ सुरू होतो. ती लहान मुलं काय सफाईने घसरत होती, मी आणि सौ. कठड्याला टेकून बघत होतो, चहाचा पेला हातातच राहिला.

व्हाइसरीगल लॉज (१८८८) बघाच. ब्रह्मदेशातून आणलेल्या सागाचं आतलं काम, वर गॅलऱ्या. १९४५ ची सिमला परिषद इथे झाली. नेहरू, आझाद, जिना याच इमारतीत वावरले. आता तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. विद्वानांना अभ्यासाला इतकी सुंदर जागा दिली, याचा मला फार आनंद वाटला.

जाताना कालका-शिमला गाडीनेच जावं. १९०३ ची, ९६ किमी. दिल्लीपर्यंत राजधानी आणि पुढे कालका. बरोगचा बोगदा ११४३ मीटर लांब, तो संपताना आपसूक सगळ्या डब्यातून टाळ्या पडल्या.

शुभांगी_ठाणे
काका, चहाचा पेला हातातच राहिला 🙏 किती गोड.
कुफ्रीला मात्र घोडेवाल्यांच्या गर्दीत मला काही सुचेना. त्यापेक्षा नारकंडा. शांत, देवदारांचं रान, हाटू शिखर. तिथून पुढे ठाणेदारला सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसाने १९१६ मध्ये सफरचंदाची लागवड केली, त्यावर अख्ख्या भागाचं पोट चालतं.

रसिका_के
विषय सोडून विचारते, पण कॉटेजच्या स्वयंपाकघरात तुम्ही काय काय केलंत? मी थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि गूळपोळ्या नेल्या होत्या. संक्रांत तिथेच झाली. मालकीणबाईंना तिळगूळ दिला, त्यांनी आम्हाला सिड्डू खाऊ घातले. वाफवलेली भाकरीसारखी, आत सारण, वर तूप. मी दोन खाल्ले आणि दुपारी झोपले.

अनघा७
रसिका, कुकर नेला होतास? उंचीवर भात शिजत नाही तो त्रास.

मंदार_डोंबिवली
गुलमर्गच्या उंचीवर पाणी सुमारे ९१ अंशांनाच उकळतं. भांड्यातल्या भाताला शिजायला जास्त वेळ लागतो. कुकर हवाच.

रसिका_के
होता ना, तीन लिटरचा. डाळ आदल्या रात्रीच भिजवत होते. बर्फात नळाला पाणी नसतं हे पण लिहा कोणीतरी. पाइप गोठतात. मालक रात्री नळ बारीक सोडून ठेवा म्हणाले. आम्ही दोन बादल्या भरून ठेवायचो.

संदीप_वसई
उत्तराखंडातल्या औलीबद्दल कोणी लिहिलं नाही. मी जोशीमठमार्गे गेलो होतो. त्या वेळी रोपवे चालू होता, आता जोशीमठची जमीन खचल्यापासून, २०२३ च्या जानेवारीपासून तो बंद आहे. रस्त्याने जाता येतं. उतार शिकणाऱ्यांसाठी फार चांगला, आणि समोर नंदादेवी. गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात.
जोशीमठच्या नृसिंह मंदिरात हिवाळ्यात आदि शंकराचार्यांची गादी असते, बद्रीनाथ बंद झाल्यावर. माझी आई तिथे गेली आणि दोन्ही हात जोडून बराच वेळ उभी राहिली. बद्रीनाथ या जन्मी होणार नाही असं ती म्हणायची. गावात घरांच्या भिंतींना तडे गेले होते. ती माणसं तरीही आम्हाला चहा देत होती. जोशीमठचं नाव काढलं की मला आधी तेच आठवतं.

रोहिणी_गिरगाव
संदीप, आईंना नमस्कार सांगा.

संदीप_वसई
आई गेल्या वर्षी गेली. पण दर्शन झालं तिचं.

शुभांगी_ठाणे
🙏🙏

काका_शिवाजीपार्क
संदीपराव, आईला नेलंत हे फार मोठं काम केलंत.

मीनल_पार्ले
संदीप, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.
सगळ्यांचे खूप आभार. काका, सासूबाईंचे गुडघे आहेत, तर शिमल्यात चढ-उतार कितपत?

काका_शिवाजीपार्क
बराच आहे. मॉल रोडवर गाड्या येत नाहीत, लिफ्ट आहे पण तिथपर्यंत चालावं लागतं. बर्फ पायाखाली दाबून काच झालेला असतो तेव्हा तर फार जपावं. काठीच्या टोकाला लोखंडी खिळा असलेली मिळते, ती घ्या. त्यांना नग्गरच सोयीचं. गाडी दारापर्यंत येते ना?

मीनल_पार्ले
आमच्या त्या कॉटेजला वरच्या वाटेने पंचवीसेक पायऱ्या होत्या. खालचा राजवाड्याजवळचा पर्याय बघते.

गडवेडा_परळ
राजवाड्यातच राहता येतं, हिमाचल पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे. जुन्या वास्तूत रात्र काढायला मिळते यापेक्षा काय हवं. फक्त बुक करताना खोली कुठल्या मजल्यावर ते विचारा, लाकडी जिने उभट आहेत.

नेहा_बोरिवली
प्रणव, मावशी रविवारी येतेय. स्टेशनला की घरी?

प्रणव_मुलुंड
स्टेशन, पश्चिमेला, तिकीट खिडकीपाशी. दहा वाजता. मुलाला मोजेही लागतील का? आहेत एक जोड, लोकरीचे.