संक्रांत तोंडावर आणि तीन कामं अर्धवट, मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, सोलापूरहून लिहितेय. हौसेनं तीन कामं एकदम अंगावर घेतली आणि आता एकही पुरं होईना.

सिद्धेश्वरांच्या यात्रेत दीर नंदीध्वजाबरोबर चालतात, त्यांची पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) शिवायची आहे. कापड भिजवून, वाळवून बेतलंय. पण ते बारीक बंद शिवून सुईनं उलटवताना बोटं दुखून येतात. भाचीच्या बाळाचं बोरन्हाण आहे, त्याचं काळं झबलं नुसतं कापून पडलंय. मशीनवर पांढरा दोरा असला की काळ्याकडे हात जात नाही!

खरी अडचण बाबांच्या स्वेटरची. (सोलापुरात स्वेटर कशाला, असं विचारू नका. पहाटे फिरायला जातात.) पाठ दिवाळीआधी झाली, 10 नंबरच्या सुयांवर. मग महिनाभर हात लावला नाही. आता पुढचा भाग विणतेय, तर पाठीला 10 सेंटीमीटरला 24 टाके होते, इथे 26 भरताहेत. वीण घट्ट येतेय. वीतभर झालंय. उसवू, की इथून पुढे 9 नंबरची, म्हणजे थोडी जाड सुई घेऊ? मधेच सुई बदलली तर पट्टा दिसेल अशी भीती वाटते.

आणि तुम्ही अशी कामं कशी वाटून घेता? एक संपवूनच दुसरं, की दिवसा मशीन आणि रात्री विणकाम? लोकरीची तुसं पांढऱ्या कापडाला चिकटतात, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा.