सरकार त्यांचं बदललं, पत्र आपण का लिहायचं?

फोंड्याची मास्तरीण:
परवा 'साखळीवाला' यांनी लिहिलं, "अमेरिकेत सरकार बदललं, फेलोशिपच्या फुकट वाऱ्या आटल्या, बरं झालं. शिकायची खरी तहान असेल त्याने बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबींसारखं पायी जावं." उत्तर देणार नव्हते. पण रात्री दोनदा जाग आली, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकावं.

फुकट कुठलं हो? फुलब्राइट, म्हणजे अमेरिकन सरकारची फेलोशिप, १९४६ साली सुरू झाली ती महायुद्धानंतर परदेशात पडून राहिलेलं लष्करी सामान विकून आलेल्या पैशांवर. भारताशी करार १९५० चा. २००८ च्या करारापासून भारत सरकारही त्यात बरोबरीचा भागीदार आहे, म्हणून तर 'फुलब्राइट-नेहरू' असं नाव झालं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने पैसे गोठवले. मे संपता संपता विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं थांबवलं. जूनमध्ये फुलब्राइटच्या बाराजणांच्या मंडळातल्या अकराजणांनी राजीनामे दिले, कारण निवडलेली नावं वरून कापली जात होती. २०२६ च्या अंदाजपत्रकात तर सांस्कृतिक-शैक्षणिक देवाणघेवाणीला ९३ टक्के कात्री सुचवली. भागीदार दुकानाला कुलूप लावायला निघाला तर दुसऱ्या भागीदाराने तोंड उघडायचं नाही?

मी स्वतः नव्वदच्या दशकात शिक्षकांच्या अदलाबदलीत एक सत्र जाऊन आले. विमानतळावर कस्टमवाल्याने सोलांची (आमसुलांची) पिशवी नाकाशी धरून विचारलं, हे काय? मी म्हटलं, "आंबट." दुसरं इंग्रजी सुचेचना. तिथल्या बाई गणिताच्या तासाला मुद्दाम चुकलेलं उदाहरण फळ्यावर मांडायच्या आणि पाय कुठे घसरला ते वर्गाला शोधायला लावायच्या. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तेच केलं. एका पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, बाई चुका शिकवतात म्हणून. पुढची कितीतरी वर्षं मी चुकाच शिकवल्या.

सांगणं एवढंच, की जे जे जाऊन आलेत त्यांनी गोव्याच्या आपल्या तिन्ही खासदारांना आणि दिल्लीच्या परराष्ट्र खात्याला पत्र लिहावं.

साखळीवाला:
बाई, आदर ठेवून बोलतो. पैसा त्यांचा, देश त्यांचा, मतदार त्यांचे. आमच्या पत्राने कोणाची झोप उडणार? आणि गेलेल्यांपैकी परतले किती? माझ्या आतेभावाचा मुलगा 'दोन वर्षांनी येतो' म्हणून गेला, त्याला आता तिथे दोन मुलं आहेत. त्याच्या आईने गणपतीचं मखर माळ्यावर टाकलंय. ते खाली काढायला घरात कोणी नाही.

पर्वरीचो पाव:
तुमचा पुतण्या फेलोशिपवर गेला की बापाच्या कर्जावर? दोन्ही एकाच पाटीत कालवू नका. फुलब्राइटवाल्याला जे-१ व्हिसा मिळतो, त्यात दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. त्याआधी तिथे कायम राहायची परवानगी मागता येत नाही.

साखळीवाला:
बरं, दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी काय करतात?

पर्वरीचो पाव:
तिसऱ्या वर्षी लोक तुमच्यासारख्यांच्या पोस्टी वाचतात आणि बॅग भरतात.

मडगांवकर:
अमेरिका कसली घेऊन बसलात? माझ्या वाड्यावरची अर्धी घरं पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला गेली. १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत, आजोबा जन्मले एवढंच भांडवल. तिथे गोदामात खोकी उचलतात, इथे भाटात (बागायतीत) रान माजलंय. त्यावर काढा की धागा!

फोंड्याची मास्तरीण:
काढा ना, तुम्हीच काढा. इथे विषय दुसरा आहे.

शिरोडकर काका:
विषय असो वा नसो, धर्मानंदांचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. पायी गेले हे खरं, पण सगळीकडे नव्हे. गोव्यातल्या सांखवाळच्या त्या माणसाने नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथा घातला, भिक्षा मागितली, हाल काढले. पण पुढे सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये दिले, ते काय होतं? फेलोशिपच की! आणि १९१० ला ते हार्वर्डला गेले ते तिथल्या प्राध्यापक जेम्स वुड्सच्या बोलावण्यावरून, 'विसुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी. चालत नव्हे, बोटीने. तेव्हा साखळीवाले, उदाहरण तुमच्याच पायावर पडलं.

साखळीवाला:
काका, अर्धंच सांगितलंत. तिथल्या संस्कृतच्या प्राध्यापक लॅनमनशी श्रेयावरून खटका उडाला आणि १९१२ ला ते परत आले. राबायचं आपल्या माणसाने, नाव कोणाचं यावर वाद. ही तुमची देवाणघेवाण! ते पुस्तक छापून आलं १९५० मध्ये, धर्मानंद गेल्यावर तीन वर्षांनी.

शिरोडकर काका:
आणि खटका उडूनही १९१८ ला परत गेलेच ना? मुलांना घेऊन गेले. मुलगा दामोदर तिथे शिकला, हार्वर्डची पदवी घेतली, परत आला आणि या देशाचा इतिहास लिहायची रीतच बदलून ठेवली. ती बोट चुकली असती तर?

साखळीवाला:
दामू कुठेही शिकला असता तरी दामूच झाला असता.

पर्वरीचो पाव:
याला पुरावा?

साखळीवाला:
बोट चुकली असती तर, याला होता का?

शिरोडकर काका:
तुम्ही त्यांना 'दामू' म्हणता? तुमच्या वर्गात होते का? आमच्या पिढीने त्यांचं लिखाण दिव्याखाली वाचलंय, राव. जरा जपून बोला.

कुंकळ्ळीची सून:
झालं भांडण? आता माझं ऐका. आमच्याकडे एका क्लबच्या अदलाबदलीतून जर्मनीची मुलगी वर्षभर राहिली. चवथीला सासरे माटोळी (गणपतीवरची रानफळांची चौकट) बांधत होते, ही खाली वही घेऊन उभी. कांगलां, तोरिंग, सुपारीचा घड, एकेकाचं नाव विचारून घेतलं. चित्रं काढली, कुठल्या डोंगरावरून आणलं तेही लिहिलं. माझा मुलगा तोवर मोबाईलवर. तिने त्यालाच विचारलं, हे फळ कुठलं? त्याला येईना. दुसऱ्या वर्षी न सांगता आजोबांबरोबर रानात गेला. मला एवढंच कळतं.

साखळीवाला:
वहिनी, गोष्ट छान. पण यात सरकार कुठे आलं? क्लबवाल्यांनी आपल्या खिशातून केलं. मी हेच म्हणतोय! सरकारच्या भरवशावर राहू नका, तिथे माणूस बदलला की नळ बंद.

फोंड्याची मास्तरीण:
हा मुद्दा मान्य. (हो, मान्य म्हटलं, स्क्रीनशॉट काढून ठेवा.) पण क्लबच्या खिशाला परवडेल त्याच्याच घरची मुलगी येते. माझ्या वडिलांचं काजूचं भाट एवढं एवढं, मला कोणता क्लब नेणार होता? आणि बंद झालेला नळ परत सुटतोही, कोणी खटखट करत राहिलं तर. ब्रिटनने ब्रेक्झिटच्या नादात इरॅस्मस, ती युरोपातली विद्यार्थी-अदलाबदलीची योजना, सोडली. सरकार बदललं, आता २०२७ पासून परत जाताहेत. तिथली विद्यापीठं नि विद्यार्थी गप्प बसले नव्हते.

पर्वरीचो पाव:
आमच्याकडे सरकार बदलायची वाट कोण बघतो? आमदारच पक्ष बदलतात. २०१९ ला दहा, २०२२ ला आठ. ही खरी देवाणघेवाण, व्हिसाही लागत नाही.

मडगांवकर:
😂 याला मात्र पूर्ण अनुदान.

फोंड्याची मास्तरीण:
मसुदा तयार आहे. एक पानाचा, मराठीत आणि इंग्रजीत.

वास्को एक्स्प्रेस:
कोंकणीत का नाही?

फोंड्याची मास्तरीण:
तुम्ही करून द्या, लावते. खरंच लावते.

शिरोडकर काका:
धर्मानंदांचा एक परिच्छेद घाला. सांखवाळचा उल्लेख हवा. नसेल तर मी सही करणार नाही.

साखळीवाला:
आणि लॅनमनचाही घाला. नाहीतर ती आरतीच होईल.

फोंड्याची मास्तरीण:
म्हणजे तुम्ही सही करताय?

साखळीवाला:
मी कुठे गेलो होतो परदेशात सही करायला? मसुदा पाठवा. ऱ्हस्व-दीर्घ बघून देतो. मागच्या निवेदनात 'विद्यार्थी'तल्या 'र्थी'ला पहिली वेलांटी दिली होती तुम्ही.